सातवा खिळा

"हे चित्र बघून लोक आम्हाला जुने कपडे देतील. सुट्टी नाही देणार."

मागच्या रांगेतून आवाज आला. घरकामगार बायकांच्या संघटनेची मासिक बैठक चालू होती. सतरंजीवर तीसेक जणी बसलेल्या, आणि समोरच्या भिंतीला टेकवून मी माझं पोस्टर उभं केलं होतं. फडकं पिळणारे दोन हात, भेगा पडलेली बोटं, सुजलेली पेरं. आठ दिवस खपून कोळशाने काढलेलं चित्र. बोलणाऱ्या मावशींना जाड भिंगाचा चष्मा होता, आणि त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. शिवून आलेला कपडा अंगाला लावून बघावा आणि खांद्यात कमी पडतोय म्हणून सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक जण हळूच म्हणाली, "बिचाऱ्या दिसतोय आपण."

मी पंधरा वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढतेय, जोडीला स्क्रीन प्रिंटिंग करते, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापते. संघटनेचं कायद्याचं काम बघणाऱ्या मैत्रिणीने फोनवर एवढंच विचारलं होतं, "आठवड्याच्या भरपगारी सुट्टीची मोहीम काढतोय, एक पोस्टर करून देशील?" एक पोस्टर म्हणजे आठवड्याचं काम, असा माझा हिशोब. त्यात अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत काय घडलं ते लिहून ठेवतेय, कारण चळवळीसाठी काहीतरी करावंसं वाटणारी चित्रकार, नाटकवाली, गाणारी मंडळी हल्ली मला विचारतात की सुरुवात कुठून करायची.

मागणी साधी होती. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, पगार न कापता, आणि कामाचे तास कागदावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्याच्या दहाव्या कलमात आठवड्याला सलग किमान २४ तास विश्रांती हवी असं स्पष्ट म्हटलंय. संघटनेच्या अध्यक्षताई त्या कलमाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम जवळ बाळगतात. घड्यांवर अक्षरं पुसट झालीत, तरी तोच कागद काढून दाखवतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच २०२१च्या अहवालानुसार जगात ७ कोटी ५६ लाख घरकामगार आहेत आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांहून थोड्या जास्त बायका. हा आकडा मला माहीत होता. त्यातल्या तीस जणींसमोर चित्र उभं करून बोलणी खायची वेळ मात्र आधी कधी आली नव्हती.

घरी येऊन मी जर्मन चित्रकार केथे कोलवित्झचं पुस्तक काढलं. ते हात मी तिच्याच प्रेमापोटी काढले होते, हे मला ठाऊक होतं. १८४४च्या सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावर तिने १८९३ ते १८९७ या काळात सहा चित्रांची मालिका केली. त्या रात्री ती मी पुन्हा ओळीने बघितली. पहिलं चित्र दारिद्र्याचं, दुसरं मृत्यूचं. तिसऱ्यात अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती माणसं वाकून बोलताहेत, ती मसलत आहे. चौथ्यात मोर्चा, पाचव्यात मालकाच्या फाटकावर धडक, सहाव्यात प्रेतं. मी इतकी वर्षं कोलवित्झ म्हणून पहिली दोनच चित्रं मनात धरून होते. तिसरं तर चक्क बैठकीचं आहे. मी दिवसभर बसून आले होते त्याच बैठकीचं.

दुसऱ्या खेपेला मी उलट टोकाला गेले. लाल रंग, वळलेली मूठ. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. मग अध्यक्षताई म्हणाल्या, "चांगलं आहे, मोर्च्यात धरू. पण बिल्डिंगच्या लिफ्टपाशी हे चिकटवणार कोण? मीच ना? मूठ बघून मला उद्यापासून गेटवरच अडवतील." पोस्टर कोण चिकटवणार, कोणत्या भिंतीवर, आणि चिकटवून झाल्यावर तिला त्याच इमारतीत कामाला जायचंय की नाही, यातलं काहीही मी विचारलेलं नव्हतं.

तिसऱ्या वेळेला मी कोरे कागद घेऊन गेले.

पॅरिसमध्ये मे १९६८ला विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा तिथल्या कलाशाळेचा विद्यार्थ्यांनी ताबा घेतला आणि 'आतलिए पोप्युलेर' नावाची छपाईची कार्यशाळा उघडली. सुरुवातीला ते दगडावरून छापत होते, त्यात फार वेळ जायचा. मग स्क्रीन प्रिंटिंग आलं आणि छपाईला वेग आला. पण माझ्या कामाची गोष्ट यंत्रापलीकडची होती. रोज सगळ्यांची सभा भरायची, कच्ची चित्रं तिच्यापुढे ठेवायची आणि प्रत्येक चित्राला दोन प्रश्न विचारायचे: यातलं राजकीय म्हणणं बरोबर आहे का, आणि पोस्टर ते नीट पोचवतं का? दोन्हीला होकार आला तरच छपाई. कोणाचीही सही नाही. हे सगळं मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आता ते दोन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून बैठकीच्या खोलीत लावले. वाचता न येणाऱ्या जणींना वाचून दाखवले. अध्यक्षताईंनी तिसरा प्रश्न जोडला: "चिकटवताना पकडलं, तर काय सांगायचं?"

त्यानंतरच्या दोन बैठकांत मी काहीच काढलं नाही, नुसती ऐकत होते. हे सोपं नाही. हात शिवशिवतात, आणि आपण फुकट बसलोय असं वाटत राहतं. चित्र निघालं ते एका ताईंना लवकर निघायचं होतं म्हणून. त्यांनी पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला. पाच घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. हिरवा डॉक्टरांचा, लाल आजींचा, पिवळा "दोघं नोकरीवाले" त्यांचा. दोरे मळून काळे पडले होते, पण त्या अंगठ्याने चाचपून नेमका ओळखत होत्या. शेजारची म्हणाली, "घराची किल्ली देतात एवढा विश्वास. सुट्टी मागितली की म्हणतात, तू त्या दिवशी दुसरीकडे काम धरशील." बऱ्याच जणींनी आपापले जुडगे काढले. खोलीभर किल्ल्यांचा आवाज झाला. मग चष्म्याच्या मावशी बोलल्या, आणि त्या बोलल्या तसंच्या तसं मी लिहून घेतलं: "भिंतीला सात खिळे काढा. सहा खिळ्यांना किल्ल्या लावा. सातवा रिकामा ठेवा."

हातांचं जुनं पोस्टर तिथेच पडलं होतं. त्याच्या पाठीवर मी पाच मिनिटांत ते काढलं. तिन्ही प्रश्नांना होकार आला. पकडलं तर काय सांगायचं? "खिळे आणि किल्ल्या आहेत, त्यात काय एवढं."

शब्दांवर मात्र दोन बैठका गेल्या. 'सातवा दिवस' एवढ्यावर एकमत होतं. पुढे माझा, आमचा की आपला? 'माझा' म्हटलं तर एकटी पडते, म्हणून ते लगेच गळलं. एका तरुण ताईचा 'आपला'साठी आग्रह होता. मालकिणीलाही सुट्टी असतेच, तिलाही ते वाचून जवळचं वाटेल, भांडण वाटणार नाही. हे म्हणणं मला पटलं होतं. त्यावर उत्तर आलं, "आपला म्हटलं की ती म्हणणार, आपलाच तर आहे, ये लवकर, दोघी मिळून माळा आवरू." मग मी त्यांना तंबाखूच्या कारखान्यातल्या बायकांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत चार्ल्सटनला १९४५-४६च्या हिवाळ्यात त्यांचा संप झाला. संपावर बहुतेक कृष्णवर्णीय बायका होत्या, आणि फाटकावर उभ्या राहून त्या एक जुनं भजन म्हणायच्या. भजनात 'मी' होतं, ते त्यांच्या तोंडी 'आम्ही' झालं. त्यांच्याकडून ते हायलँडर या कामगार शिक्षण केंद्रात पोचलं, तिथलं संगीताचं काम बघणाऱ्या झिल्फिया हॉर्टनने उचललं, आणि पुढे 'वी शॅल ओव्हरकम' म्हणून जगभर गेलं. सगळ्या लक्ष देऊन ऐकत होत्या. एकीने विचारलं, "त्यांच्या भाषेत आम्ही आणि आपण वेगळे आहेत का?" मी म्हटलं, नाही, एकच शब्द. "मग त्यांचं सोपं होतं," ती म्हणाली. शेवटी हात वर करून 'आमचा' ठरलं. 'आपला'वाल्या ताईने पुढच्या वर्षीच्या पोस्टरला 'आपला' घ्यायचा असं लिहून घ्यायला लावलं. ते इतिवृत्तात आहे.

छपाई माझ्याकडे झाली, चार-चार जणींच्या पाळ्या लावून. चौकटीवर जाळी ताणून त्यावर इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप चढवला, पण पहिल्या चौकटीला उजेड जास्त लागला आणि किल्ल्यांचे दाते भरून गेले, किल्ल्या चमच्यांसारख्या दिसायला लागल्या. दुसरी चौकट केली. मग पाण्यातली शाई पंख्याच्या वाऱ्याने जाळीतच सुकायला लागली. पंखा बंद, खिडकी बंद, सगळ्या घामाने भिजलेल्या. ही शाई घेतली की दर छापानंतर जाळीवर शाईचा पातळ थर ओढून ठेवावा लागतो, म्हणजे जाळी ओली राहते. हे मी शिकवलं.

पण स्क्वीजी ओढायला मी शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्या रबरी पट्टीवरचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागतो. मध्ये जरा हात सैल सुटला की तिथे फिकट पट्टा येतो. नवशिक्याचे पहिले वीस-पंचवीस कागद हमखास वाया जातात. एका मावशींचा दुसराच कागद स्वच्छ निघाला. मी बघत राहिले. त्या म्हणाल्या, "लादी पुसताना हात मध्येच उचलला की ओघळ दिसतो. तसंच आहे हे." पाय किंचित फाकवून, कमरेतून वजन टाकून त्या एका दमात ओढत होत्या. त्यांनी मग दुसऱ्यांना शिकवलं, आणि मी कागद वाळत टाकायला उभी राहिले. तीनशे पोस्टरं तीन दिवसांत झाली.

पोस्टर झालं तेव्हा माझं काम संपलं होतं. पण मोर्च्यासाठी मोठं काहीतरी हवं अशी कल्पना मीच काढली, आणि तिची जबाबदारीही माझ्यावरच येते. मला गोधडी करायची होती. डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक एड्सने गेलेल्यांच्या नावांची अमेरिकेतली गोधडी. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढा, ज्याचा त्याने घरी बसून शिवलेला. ११ ऑक्टोबर १९८७ला वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. दुसरी गोष्ट चिलेतली. १९७३च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं बेपत्ता झाली त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली, त्यांना 'आर्पिएरा' म्हणतात. काहींनी त्यात बेपत्ता माणसाच्याच कपड्यांचे तुकडे वापरले. हे वाचल्यापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून मी सुचवलं, प्रत्येकीने एक फुटाचा चौकोन करायचा, आणि कापड आपल्या कामातलं घ्यायचं. पुसायचं फडकं, जुना ॲप्रन, कामाच्या घरून मिळालेलं काही.

चौसष्ट चौकोन आले. मी त्यांची चित्रं सुधारायला गेले नाही, आणि याचा मला आजही आनंद आहे. एकीने फक्त बटणं लावली होती, काम करते त्या इमारतीच्या मजल्यांएवढी, अकरा. एकीने बादली शिवली आणि बादलीत चंद्र. बऱ्याच जणींनी खिळे आणि किल्ल्याच केल्या. नावं कोणी घालायची नाहीत असं ठरलं होतं, नोकरीची भीती होती म्हणून. माझं काम जोडणीचं. चौसष्ट तुकडे मापात कधीच नसतात. कुणाचा अर्धा इंच मोठा, कुणाचा तिरका, कुणाचं कापड ओढलं की ताणलं जाणारं. मागून मांजरपाटाचा अस्तर दिला, वर काठीसाठी नेफा शिवला. खाली 'सातवा दिवस आमचा' ही अक्षरं सहा इंची केली. फलक रंगवणारे इंचाला दहा फूट धरतात, म्हणजे साठ फुटांवरून वाचता यावीत.

मध्यंतरी नाटकही सुरू झालं होतं. नाटक करणाऱ्या एका मित्राने बायकांबरोबर फोरम थिएटर घेतलं. ब्राझीलचा नाटककार ऑगस्टो बोआल १९७१ला हद्दपार झाल्यावर १९७३ला पेरूमध्ये साक्षरतेच्या कामात होता. तिथे एका प्रयोगात प्रेक्षकांतली बाई नटांचं उत्तर पटेना म्हणून वैतागली आणि स्वतःच मंचावर चढली. त्यातून ही पद्धत आकाराला आली: प्रसंग दाखवायचा, तो वाईट जागी थांबवायचा, मग बघणाऱ्यांपैकी कोणीही यावं आणि पात्राची जागा घेऊन वेगळं करून बघावं. पुढे बोआल रिओ द जानेरोत नगरसेवक झाला आणि १९९३ ते १९९६ या काळात अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांतून तेरा कायदे मंजूर झाले.

आमचा प्रसंग एकच होता. कामवाली सुट्टी मागते, मालकीण नाही म्हणते. एका तालमीला मालकीण करणारी आली नाही. कोणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही व्हा. तुम्हाला येईल."

मला आलं. संहिता नव्हती, तरी वाक्यं आपोआप येत गेली. "अगं पण नेमके उद्याच पाहुणे यायचेत." "तू आधी सांगायचं ना." "मी तुला कधी परकं मानलंय का? घरच्यासारखी आहेस तू." आवाजही बदलला होता माझा, गोड झाला होता. तीन जणी एकामागून एक कामवालीच्या जागी आल्या आणि माझ्या गोड बोलण्यापुढे गप्प झाल्या. चौथी विशीची मुलगी होती. ती म्हणाली, "घरच्यासारखी आहे ना? मग घरचे सगळे रविवारी काय करतात?"

मला उत्तर सुचलं नाही. मित्र म्हणाला, चालू ठेव. मला खरंच पुढचं वाक्य येईना. कारण ती वाक्यं मी रचली नव्हती. माझ्याकडे सात वर्षं कामाला येणाऱ्या मावशींना मी हीच, याच आवाजात म्हटलेली होती. त्यांना ठरलेली सुट्टी नव्हती. लागेल तेव्हा सांगून घ्यायच्या, आणि मी तो माझा चांगुलपणा समजत होते. पाच महिने मी सुट्टीची पोस्टरं करत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, आठवड्याला एक दिवस, तुम्ही ठरवाल तो. त्यांनी विचारलं, "पगार कापणार?" नाही म्हटल्यावर क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग बुधवार." रविवारी बाकीच्या घरी काम जास्त असतं. कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. संघटनेत मात्र त्या आल्या नाहीत, मोर्च्यालाही नाही. मी एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही.

पैशांचंही सांगायला हवं, कारण कलाकारांत हे कोणी उघड बोलत नाही. संघटनेने वर्गणीतून मला मानधन देऊ केलं. मी नको म्हटलं. अध्यक्षताई म्हणाल्या, "प्रेमाने करतेस ना, मग पैसे कशाला, हे आम्हालाही ऐकवतात. घ्या." मी घेतले, पावती दिली. त्या दिवसापासून मी बैठकीत मोकळी झाले. उपकार करायला आलेल्या बाईशी कोणी नीट भांडत नाही. पैसे घेऊन काम करणारीला हे वाकडं झालंय, परत कर, असं तोंडावर सांगता येतं, आणि त्या सांगायला लागल्या.

मोर्चा मोठा झाला. गोधडी सगळ्यांत पुढे होती. वाऱ्याने ती शिडासारखी फुगली आणि वरचा उजवा कोपरा उसवला. दोन जणी चालता चालता तो हाताने धरून होत्या. कामगार खात्याच्या कार्यालयात निवेदन घेतलं गेलं, अभ्यास करू असं सांगितलं गेलं. नियमात आजपर्यंत एका अक्षराचा फरक पडलेला नाही. घराघरांत थोडा पडलाय. पोस्टरबरोबर एक पानी कराराचा नमुना वाटला होता, तो काही घरांनी भरून सह्या करून दिला. त्यात पोस्टरचा वाटा किती आणि दारोदार जाऊन बोलणाऱ्या कार्यकर्तींचा किती, याचा हिशोब मी मांडणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या झिजलेल्या चपला आहेत.

चार दिवसांनी एका ताईची नोकरी गेली.

वर्तमानपत्रात गोधडीचा फोटो छापून आला होता. तिने शिवलेल्या चौकोनात तिच्या मालकिणीला आपला जुना पडदा दिसला. निळ्यावर पांढऱ्या वेली असलेला, त्यांनीच तिला दिलेला. नाव नसलं तरी कापड बोललं. कामातलं कापड घ्या, असं सांगणारी मी होते. चिलेतल्या बायकांचं कापड मी उचललं होतं. त्या बायका ही कामं लपवून करायच्या, ती चोरून देशाबाहेर पाठवली जायची, हे मी वाचलेलं होतं आणि सोडून दिलं होतं. भिंतीवर तिसरा प्रश्न लिहिलेला होता. पोस्टरला आम्ही तो विचारला. गोधडीच्या वेळी माझा इतका जीव त्या कल्पनेवर जडला होता की मी तो वाचलाच नाही, आणि मी उत्साहात होते म्हणून बाकीच्यांनीही विचारला नाही.

संघटनेने तिची बाजू लावून धरली, राहिलेला पगार मिळवून दिला. काम परत मिळालं नाही. मी तिला भेटायला गेले, माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, आणि "असू दे" वगैरे काही म्हणाली नाही. तो चौकोन काढून टाकू का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "आता कशाला? आता राहू दे."

म्हणून पुढच्या महिन्यात एका मोठ्या कलादालनाचं पत्र आलं, तेव्हा मी ते सरळ बैठकीत ठेवलं. त्यांना गोधडी भिंतीवर लावायची होती, खाली कलाकार म्हणून माझं नाव. मला ते हवं होतं, हे लपवत नाही. पंधरा वर्षांत तिथून मला पत्र आलेलं नव्हतं. मी बैठकीतल्या बायकांना पॅरिसच्या कार्यशाळेने काय म्हटलं होतं तेही सांगितलं: आमची पोस्टरं शोभेला लावलीत की त्यांचं काम मारलंत. चर्चा तासभर चालली. जिची नोकरी गेली होती तिला आधी विचारलं, तिची हरकत नव्हती. मग तीन अटी ठरल्या. नाव कोणा एकीचं नको. रोज एक घरकामगार तिथे बसेल आणि बघणाऱ्यांशी बोलेल. तिच्या दिवसाचा पगार दालनाने द्यायचा. पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दोन आठवडे मी रोज मेल उघडून बघत होते, मग सोडून दिलं.

गोधडी आता कार्यालयातल्या लोखंडी कपाटात असते. दोनदा धुऊन झालीय. लाल दोऱ्यांचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरलाय, तो जात नाही. तीन नवे चौकोन जोडायचेत, साध्या बाजारच्या कापडाचे. ते कोणाच्याही घरचं वाटू नये याची तपासणी आता पडद्याच्याच ताई करतात, उजेडाला धरून, दोन्ही बाजूंनी. पुढच्या मोर्च्याआधी वरचा नेफा दुहेरी शिवायचाय. रविवारी सकाळी बसणार आहोत. ज्यांना सुट्टी मिळालीय त्या सकाळी येतील, बाकीच्या रात्री कामं आटोपून.